पाणमोट आधी फुटते तेव्हा

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा सहवास लाभलेला शिरोळ तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वसलेला आहे. नृसिंहवाडीचा संगम, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि नदीकाठची काळी, सुपीक जमीन ही या तालुक्याची ओळख होय. येथील माणसाला पाण्याची चाल उपजतच कळते. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे येथील शाळकरी मूलही सांगू शकेल. परंतु घरातील गर्भवतीच्या अंगावरून कळा सुरू होण्याआधीच पाणी जाऊ लागले, तर इशारा कोणता आणि धोका कोणता, हे मात्र जाणत्या माणसांनाही नेमके सांगता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

विषय केवळ वैद्यकीय व्यवसायाचा नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यूंचे प्रमाण १६ आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ११ होते. संपूर्ण देशासाठी हेच आकडे अनुक्रमे २८ आणि २० असे होते. महाराष्ट्राची ही प्रगती समाधानाची असली, तरी या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या सोळा बालकांपैकी अकरा बालके जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच दगावतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग ही त्यांच्या मृत्यूची तीन प्रमुख कारणे होत. पाणमोट वेळेआधी फुटणे या एका घटनेचा या तिन्ही कारणांशी संबंध पोहोचतो. म्हणूनच ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि गावपातळीवरील शासकीय कर्मचारी यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

पाणमोट म्हणजे काय?

गर्भाशयात गर्भ एका पातळ परंतु चिवट पिशवीत वाढत असतो. एकमेकांना चिकटलेल्या दोन पडद्यांच्या या पिशवीत गर्भजल असते. या पिशवीलाच आपल्याकडे पाणमोट म्हणतात. गर्भजलाची कामे अनेक आहेत. ते गर्भाला धक्क्यापासून वाचवते, त्याच्याभोवती सारखी ऊब राखते, त्याला हातपाय हालवावयास जागा देते आणि त्याच्या फुफ्फुसांच्या वाढीस साह्य करते. याखेरीज आणखी एक काम ही पिशवी मुकाट्याने करीत असते. योनिमार्गात नेहमीच वास करणाऱ्या असंख्य जंतूंना ती गर्भापर्यंत पोहोचू देत नाही. घराला कुंपण असावे तसे हे कुंपण आहे.

सर्वसामान्य प्रसूतीत आधी कळा सुरू होतात, गर्भाशयाचे मुख उघडू लागते आणि त्यानंतर पाणमोट फुटते. काही स्त्रियांच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. कळांचा पत्ता नसताना पाणी जाऊ लागते. दिवस पुरे भरलेल्या गर्भवतींपैकी शंभरात सुमारे आठ जणींच्या बाबतीत असे घडते आणि त्यांतील बहुतेकींना पुढील चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात. अधिक चिंतेची बाब ही की, एकूण गर्भवतींपैकी शंभरात सुमारे तीन जणींची पाणमोट ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच फुटते. अपुऱ्या दिवसांच्या एकूण जन्मांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जन्मांच्या मुळाशी हीच घटना असते.

असे का घडते? योनिमार्गातील किंवा लघवीतील जंतुसंसर्ग हे एक महत्त्वाचे कारण होय. जुळे असल्यामुळे किंवा गर्भजल फार वाढल्यामुळे पिशवीवर पडणारा ताण, गर्भारपणात झालेला रक्तस्राव, गर्भाशयाच्या मुखाची लांबी कमी असणे आणि मागील बाळंतपणात असेच घडलेले असणे, ही आणखी कारणे आहेत. धूम्रपानाने हा धोका वाढतो. आपल्याकडे स्त्रिया सहसा विडी ओढीत नाहीत, परंतु मिश्री लावतात. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले आणि त्यांची प्रसूतीही सरासरी सहा दिवस आधी झाली, असे दिसून आले. तेव्हा मिश्रीची डबी गर्भारपणापुरती तरी दूर ठेवणे हिताचे आहे.

मात्र अनेकदा कोणतेही कारण सापडत नाही. सुनेने काय खाल्ले, कोठे गेली, कोणते ओझे उचलले याची चौकशी घरात सुरू होते आणि दोष तिच्या माथी मारला जातो. ही चौकशी निरर्थक तर आहेच, शिवाय घातकही आहे. बोल लागेल या भीतीने मुलगी पाणी गेल्याचे सांगतच नाही आणि मोलाचे तास हातचे जातात.

जंतू बाळापर्यंत कसे पोहोचतात?

कुंपण मोडले की वाट मोकळी होते. योनिमार्गातील जंतू हळूहळू वर चढतात, गर्भजलात शिरतात आणि तेथे वाढू लागतात. गर्भ हे पाणी गिळत असतो आणि श्वासासारख्या हालचालींनी ते त्याच्या फुफ्फुसांतही जात असते. दूषित झालेले पाणी अशा रीतीने त्याच्या पोटात, फुफ्फुसांत आणि तेथून रक्तात पोहोचते. रक्तात जंतू पसरण्याच्या या विकारास जंतुदोष किंवा सेप्सिस म्हणतात. पहिल्या ७२ तासांत दिसणारा जंतुदोष हा बहुधा आईकडून किंवा प्रसूतीच्या वेळी आलेला असतो. त्यानंतर दिसणारा जंतुदोष पुष्कळदा घरातून, रुग्णालयातून किंवा हाताळणाऱ्यांच्या हातांतून आलेला असतो.

दिवस पूर्ण भरलेल्या बाळाची प्रतिकारशक्तीही मोठ्या माणसाच्या मानाने दुबळी असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तर ती फारच कमी असते, कारण रोगाशी झुंजणारी आईची द्रव्ये बाळाकडे मुख्यत्वे शेवटच्या तीन महिन्यांत जातात. म्हणजे पाणमोट लवकर फुटली तर संकट दुहेरी होते. जंतूंना वाट मिळते आणि त्यांच्याशी लढणारे बाळ अपुऱ्या तयारीचे असते.

काळाचा हिशेब

या विषयात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असेल, तर ती वेळ होय. पाणी गेल्यापासून जन्म होईपर्यंत जितका काळ लोटतो, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो. वैद्यकशास्त्रात १८ तासांची मर्यादा विशेष सावधगिरीची मानली जाते. पाणी जाऊन अठरा तास उलटल्यावर जन्मलेल्या बाळाकडे डॉक्टर अधिक बारकाईने पाहतात. आईला ताप असेल, पाण्याला दुर्गंधी असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर ही सावधगिरी आणखी वाढते.

उदाहरणादाखल असे समजू की, नदीकाठच्या एका गावी पहाटे चार वाजता एका गर्भवतीचे अंथरूण ओले झाले. तिला वाटले, लघवी झाली. सकाळी घरकाम आवरताना पाणी थेंब थेंब जातच राहिले. सासूबाईंना सांगावयास दुपार झाली. कळा नाहीत म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. रात्री आठ वाजता वाहन मिळाले आणि नऊ वाजता ती रुग्णालयात पोहोचली. तेथे पहिला प्रश्न विचारला गेला, “पाणी केव्हा गेले?” उत्तर मिळाले, “सकाळी केव्हातरी.” वास्तविक त्या वेळी सतरा तास उलटलेले होते आणि अठराव्या तासाला एकच तास उरलेला होता. या उदाहरणात कोणीही हयगय केलेली नाही, कोणाचाही हेतू वाईट नाही. केवळ पाणी जाणे म्हणजे काय आणि घड्याळ का पाहावयाचे, एवढे ठाऊक नसल्यामुळे सबंध दिवस गेला.

म्हणून पहिला धडा असा की, पाणी गेल्याचे लक्षात येताच घड्याळ पाहावे आणि वेळ माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून ठेवावी. लिहिता येत नसेल तर आशा स्वयंसेविकेला तत्काळ सांगावी.

घरी काय करावे, काय करू नये

पाणी गेले की लघवी झाली, हे ओळखणे नेहमी सोपे नसते. लघवी थोपवून धरता येते, हे पाणी थोपवता येत नाही. उठताना, खोकताना ते अधिक येते आणि त्याला लघवीचा वास नसतो. कधी ते एकदम भळकन येते, तर कधी दिवसभर झिरपत राहते. स्वच्छ, उन्हात वाळवलेल्या सुती कापडाची घडी किंवा पॅड लावून पाहावे. ते वारंवार ओले होत असेल तर शंका घेण्यास जागा आहे. शंका आली तरी रुग्णालयातच जावे. निदान करणे हे घरच्या माणसांचे काम नव्हे.

पाण्याचा रंग पाहणेही महत्त्वाचे आहे. स्वच्छ किंवा फिकट पाणी ही सर्वसाधारण स्थिती होय. हिरवट किंवा काळपट पाणी म्हणजे बाळाने पोटातच शी केल्याची खूण, तर दुर्गंधीयुक्त पाणी म्हणजे जंतुसंसर्गाची खूण होय. आईला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप येणे, पोट दुखरे होणे, नाडी जलद चालणे, बाळाची हालचाल कमी होणे आणि रक्त जाणे ही लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये. पाण्याबरोबर नाळ बाहेर दिसू लागली, तर ती आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. आईला गुडघे व छाती टेकवून, कंबर उंच ठेवून निजवावे आणि त्याच स्थितीत रुग्णालयात न्यावे.

काही गोष्टी कटाक्षाने टाळावयास हव्यात. सुईणीने किंवा अन्य कोणीही ‘तोंड उघडले का’ हे बोटांनी तपासू नये, कारण प्रत्येक तपासणीबरोबर जंतू वर ढकलले जातात. टबात किंवा नदीवर अंघोळ करू नये. शरीरसंबंध टाळावा. कळा याव्यात म्हणून घरी इंजेक्शन टोचून घेणे अत्यंत धोक्याचे असून त्याने गर्भाशय फाटण्याचाही संभव असतो. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून रोग दाबून टाकण्याचा प्रयत्नही करू नये. पाणी संपले की बाळंतपण ‘कोरडे’ होते, म्हणून भरपूर पाणी पाजून थांबावे, असा एक समज आढळतो. बाळाच्या लघवीतून गर्भजल तयार होत राहते हे खरे. परंतु पाणी प्याल्याने फुटलेले कुंपण सांधले जात नाही.

वाहनासाठी १०८ किंवा १०२ या क्रमांकांवर निःशुल्क दूरध्वनी करता येतो. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि वाहतूक ही सारी सेवा विनामूल्य आहे. खर्चाच्या धास्तीने उशीर करण्याचे कारण नाही.

रुग्णालयात काय केले जाते?

रुग्णालयात गेल्यावर लगेच बाळंतपण का करीत नाहीत, अशी तक्रार नातेवाइकांकडून पुष्कळदा ऐकू येते. तिचे उत्तर गर्भाच्या वयात आहे. दिवस पूर्ण भरले असतील, तर कळा आणून प्रसूती करणे सामान्यतः हिताचे असते. ३४ आठवडे पूर्ण झालेले नसतील आणि जंतुसंसर्गाची खूण नसेल, तर मात्र आईला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवून थांबणे योग्य ठरते. गर्भात मिळालेला प्रत्येक दिवस बाळाच्या फुफ्फुसांना बळ देतो. मधल्या काळात, म्हणजे ३४ ते ३७ आठवड्यांत, डॉक्टर परिस्थिती पाहून निर्णय घेतात. जंतुसंसर्ग झाल्याचे दिसले तर महिना कोणताही असो, प्रसूती करावी लागते.

थांबण्याच्या या काळात दोन उपायांनी बाळाचे प्राण वाचू शकतात. पहिला उपाय प्रतिजैविकांचा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ४,८२६ स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, अपुऱ्या दिवसांत पाणमोट फुटलेल्या मातांना इरिथ्रोमायसिन दिल्याने बाळांना लाभ झाल्याचे दिसले. त्याच चाचणीत को-अमॉक्सिक्लॅव्ह हे दुसरे औषध घेतलेल्या मातांच्या बाळांत आतड्याचा एक गंभीर विकार अधिक प्रमाणात आढळला. कोणतेही प्रतिजैविक चालते असे नाही, हा त्याचा अर्थ होय.

दुसरा उपाय आईला देण्याच्या स्टेरॉइड इंजेक्शनांचा. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे लिगिन्स आणि होवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की, अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याआधी आईला ही औषधे दिल्यास बाळाची फुफ्फुसे लवकर परिपक्व होतात. आपल्याकडे डेक्सामेथासोनची प्रत्येकी ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने दर बारा तासांनी देतात. गरीब देशांत हा उपाय लागू पडेल काय, अशी शंका काही काळ होती. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील २,८५२ स्त्रियांवर केलेल्या चाचणीने ती फिटली. या चाचणीत शिरोळपासून फार दूर नसलेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचाही सहभाग होता. २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध न मिळालेल्या गटात शंभरामागे २३.५ नवजात दगावले, तर औषध मिळालेल्या गटात १९.६. हा लाभ व्यवस्थित सोयी असलेल्या रुग्णालयांतील होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भवतीस मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा परिचारिकेलाही देता येते. यासाठी गर्भाचे वय अचूक ठाऊक असणे आवश्यक असते. शेवटच्या पाळीची तारीख कार्डावर पहिल्या तीन महिन्यांतच नोंदविण्याचा आग्रह का धरला जातो, हे यावरून कळून येईल.

मग सर्वच मातांना कळा सुरू होताच प्रतिजैविक दिले तर? हाही प्रश्न तपासून पाहण्यात आला. सात देशांतील २९,२७८ स्त्रियांच्या चाचणीत बेळगाव आणि नागपूर या दोन्ही केंद्रांचा समावेश होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने मातांतील जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण शंभरात २.४ वरून १.६ पर्यंत खाली आले. परंतु बाळांतील जंतुदोष किंवा मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. एक गोळी दिली आणि बाळाची काळजी मिटली, असे होत नाही. वेळेवर पोहोचणे, स्वच्छ हातांनी प्रसूती होणे आणि जन्मानंतर बाळावर लक्ष ठेवणे, यांना पर्याय नाही.

जन्मानंतरचे दिवस

आपल्या समाजात पाचवी पूजण्याची आणि सटवाई ललाटी रेघ ओढते असे मानण्याची रीत आहे. या रिवाजामागे एक कटू अनुभव दडलेला असावा. पहिला आठवडा हाच बाळाच्या जीवनमरणाचा आठवडा असतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले होते. धनुर्वातासारखा एक शत्रू आज आपण हटविला आहे. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. जंतुदोष मात्र अद्याप हटलेला नाही.

नवजात बालकातील जंतुदोषाची खूण मोठ्या माणसासारखी नसते. बाळाला ताप येईलच असे नाही. उलट ते पुष्कळदा गार पडते. म्हणून पुढील लक्षणे प्रत्येक घरात ठाऊक असावीत. बाळ अंगावर पीत नाही किंवा पिणे एकाएकी मंदावते. हलविल्याशिवाय हालचाल करीत नाही किंवा अगदी मलूल पडते. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालतो. श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाते. अंगाचे तापमान ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक होते, अथवा ३५.५ अंशांच्या खाली जाते. झटके येतात. यांपैकी एकही लक्षण दिसले तर बाळ त्वरित रुग्णालयात न्यावे. नाळेभोवती लाली किंवा पू दिसला तरी दाखवून घ्यावे.

ज्या मातेचे पाणी जन्माआधी बराच काळ गेले होते, तिने प्रसूतीनंतर घरी जाण्याची घाई करू नये. नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस रुग्णालयात आहारासह राहण्याची सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. आरंभीचा जंतुदोष नेमका याच पहिल्या ७२ तासांत प्रकट होतो.

दिल्लीतील तीन रुग्णालयांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नवजात विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांपैकी शंभरात १४.३ बाळांत जंतुदोष आढळला. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश प्रकार पहिल्या ७२ तासांतील होते. असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे जंतू प्रमुख होते आणि त्यांतील अनेक जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. पाश्चात्त्य देशांत याच रोगास बहुधा निराळे जंतू कारणीभूत असतात. तेव्हा त्यांचे औषधोपचार डोळे मिटून उचलता येत नाहीत. औषधे बोथट होत असताना सर्वांत धारदार हत्यार उरते ते साबणाचे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टराने हात धुण्याचा दंडक घातला आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने उतरले. ती शिकवण अद्यापही जुनी झालेली नाही.

घरी आल्यावर नाळेला तेल, हळद, राख वा शेण लावू नये. ती कोरडी व उघडी ठेवावी. पहिला चीक फेकून न देता तासाभरात बाळाला पाजावा. मध, घुटी, साखरेचे पाणी देऊ नये. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बिलगून ठेवण्याची कांगारू पद्धत ऊब, दूध आणि संरक्षण एकाच वेळी देते. आईचे दूध हे जंतूंविरुद्धचे किती मोठे साधन आहे, हे ओळखूनच मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती.

गडचिरोलीचा धडा

या संपूर्ण विषयात महाराष्ट्राने जगाला दिलेला धडा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. घरोघरी जाऊन बाळाचे वजन व तापमान पाहणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि आवश्यक तेथे प्रतिजैविक इंजेक्शन देणे, ही कामे त्यांनी केली. तुलनेसाठी ४७ गावे घेण्यात आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी १६.६ दगावत, ते प्रमाण २.८ वर आले. ज्यांनी हे घडविले त्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. त्यांना काय पाहावयाचे आणि केव्हा पाहावयाचे, हे पक्के शिकविलेले होते.

याच अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांकडून नवजात बालकाची घरी काळजी घेतली जाऊ लागली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यावयाची असते. घरी जन्म झाल्यास पहिल्या दिवशीही जावयाचे असते. ज्या बाळाच्या आईचे पाणी लवकर गेले होते, त्याच्या नोंदीवर आशाताईंनी ठळक खूण करून ठेवली, तर या भेटींना अधिक नेमकेपणा येईल.

शिरोळपुढील तीन प्रश्न

सर्वसाधारण ज्ञान सर्वत्र सारखेच असते, पण प्रत्येक तालुक्याच्या अडचणी निराळ्या असतात. शिरोळपुरते बोलावयाचे तर तीन प्रश्न समोर येतात.

पहिला प्रश्न पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत तालुक्यातील अनेक गावांना पाण्याने वेढले. २०१९ व २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्गही काही दिवस बंद राहिला. अशा वेळी पाणमोट फुटली तर अठरा तासांचा हिशेब नावेच्या हाती जातो. यावर उपाय एकच. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पूररेषेतील प्रत्येक ग्रामपंचायतीने जुलै ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या गर्भवतींची यादी आशा व परिचारिका यांच्याकडून घ्यावी. आठवा-नववा महिना चालू असलेल्या, जुळे असलेल्या अथवा पूर्वी लवकर पाणी गेलेल्या स्त्रियांना नदीने इशारा पातळी गाठण्याआधीच रस्त्याने सुरक्षित ठिकाणी हलवावे. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय की मिरजेचे शासकीय रुग्णालय, कोणता रस्ता उघडा राहील तेथे जावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. जनावरे हलविण्याचा दिवस आपण ठरवितोच. गर्भवतींचा दिवस त्याच्याही आधीचा असावा.

दुसरा प्रश्न ऊसतोडणी कामगारांचा. हंगामात बीड आणि अन्य दुष्काळी जिल्ह्यांतून कुटुंबे येतात आणि उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहतात. त्यांतील गर्भवतीचे नाव गावच्या नोंदवहीत नसते, आशाताईंचा क्रमांक तिच्याजवळ नसतो आणि एक दिवसाचा खाडा तिला परवडत नाही. ती तक्रार करीत नाही, याचा अर्थ तिला त्रास नाही असा नव्हे. टोळी उतरताच आठवड्याच्या आत कोपीवर जाऊन गर्भवतींची नोंद करणे, हे काम ग्रामपंचायत, साखर कारखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी मिळून करावयास हवे. ती ज्या गावची असेल त्या गावच्या कार्डावरच येथे सेवा मिळते, हे मुकादमालाही सांगून ठेवावे.

तिसरा प्रश्न माहेरचा. पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते. ओटीभरण होते, डोहाळजेवण होते, आणि पुष्कळदा तिचे कार्ड मात्र सासरीच राहते. मग शेवटची पाळी कोणती, रक्तगट कोणता, लघवीच्या तपासणीत काय आढळले, हे ऐनवेळी कोणालाच सांगता येत नाही. ओटीत नारळ घालताना कार्डही बरोबर दिले आहे ना, एवढे विचारण्याची नवी रीत आपण पाडली तर तिला खर्च काहीच नाही.

ग्रामपंचायत आणि शाळा

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावी आहे. तिला मिळणाऱ्या अबंधित निधीतून रात्री-अपरात्री वाहनासाठी लागणारी किरकोळ रक्कम देता येते. समितीच्या प्रत्येक बैठकीत तीन गोष्टी विचारल्या जाव्यात. या महिन्यात कोणाकोणाचे दिवस भरत आहेत? त्यांच्यासाठी वाहन आणि सोबतीचे माणूस ठरले आहे काय? मागील महिन्यात एखादे नवजात दगावले असेल, तर पाणी केव्हा गेले आणि रुग्णालयात केव्हा पोहोचले, यांमध्ये किती तास गेले? हा प्रश्न कोणाला दोषी ठरविण्यासाठी विचारावयाचा नाही. वाट कोठे अडली ते शोधून ती मोकळी करण्यासाठी विचारावयाचा आहे.

शिक्षकांचे कार्य याहून दूरगामी आहे. माध्यमिक शाळेत शरीरशास्त्राचा पाठ शिकविताना पाणमोटेविषयी चार वाक्ये सांगण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि ती मुलींइतकीच मुलांनाही सांगावयास हवीत. दहा वर्षांनी वाहन आणावयाचे की उद्या सकाळपर्यंत थांबावयाचे, हा निर्णय बहुधा घरातील पुरुषच घेणार असतो. बालसभा, माता-पालक मेळावा, महिला ग्रामसभा अशा प्रसंगी हा विषय जरूर मांडावा. पाणी, वेळ, वाहन आणि कार्ड हे चार शब्द ध्यानात राहिले तरी पुरे आहे.

नदीच्या पाण्यावर आपले नियंत्रण मर्यादित आहे. बंधाऱ्यावरील आकडा पाहून सावध होणे तेवढे आपल्या हाती असते, आणि शिरोळकर ते कुशलतेने करीत आले आहेत. तीच जागरूकता गर्भवतीच्या बाबतीत दाखविणे यापेक्षा कितीतरी सोपे आहे. कळा नसतानाही पाणी गेले तर ती इशारा पातळी समजावी आणि त्याच घटकेला निघावे. ताप किंवा दुर्गंधी येईपर्यंत थांबणे म्हणजे धोक्याची पातळी गाठल्यावर निघण्यासारखे आहे. प्रत्येक गावाने ही एवढी खूणगाठ बांधली, तर अकराच्या आकड्यातील काही बाळे निश्चितपणे आपल्या घरी, आपल्या पाळण्यात सुखरूप पोहोचतील.